हळदीला न चालणारे कपडे

नावडे,
१४ जानेवारी २०२५

चि. रुतिका हिला सगुणामावशीचे आशीर्वाद.

आज संक्रांत. गोड बोलायचं म्हणून सकाळी तिळगूळ खाल्ला, पण त्याचा काही उपयोग झालेला नाही. फोनवरच सुनावलं असतं, पण हे कानातलं यंत्र लावलं की फोनमधलं माणूस विहिरीत बसून बोलल्यासारखं वाटतं. अंकुरला मोबाईलवर लिहायला सांगावं तर आईचं भांडण घरभर होतं. चौतीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली आहेत, तुला एक पत्र लिहायला मला कोणी लागत नाही.

रविवारी मी नेरूळला तुझ्या घरी आले होते. तू ऑफिसच्या कामाला पुण्याला गेलेली. जावयाने, निशांतने, चहा केला, बरा केला. माझ्या अंकुरचं लग्न दोन मेला ठरलं, हे सांगायला आले होते, आणि तुझ्या आईचं, शांतीचं, लुगडं बघायला. तुझं कपाट उघडलं तर आत तुझं काही नाहीच. हँगरला चार परके कपडे, प्रत्येकाच्या मानेला दुकानातल्यासारखी पट्टी. निशांतला विचारलं, तर तो म्हणाला, हे भाड्याचे आहेत, दर महिन्याला चार येतात आणि चार जातात. आणि शांतीच्या साड्या कुठे, म्हटलं. तर म्हणाला, बोहारणीला दिल्या. माझ्या बहिणीच्या अकरा साड्या देऊन तू एक कुकर घेतलास. तो कुकरही मी पाहिला. शिट्टी नीट लागत नाही त्याची.

शांतीला जाऊन दोन वर्षं झाली नाहीत अजून. दुसऱ्याच्या घामाचे कपडे भाड्याने आणून घालायचे आणि आईच्या साड्या कुकरात घालायच्या, ही कुठली रीत?

नशीब, हिरवं इरकली लुगडं तेवढं तू ठेवलंस. ते मी घडी घालून, पदराला सुपारी आणि चार तांदूळ बांधून, चांगल्या जाड पिशवीत घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आहे. मी बरोबर आणलं नाही. लग्नं गाऊन लावणाऱ्या धवलारणीचं लुगडं तिच्या लेकीनं हातात द्यायचं असतं, आपण उचलून आणलं तर ती चोरी. हळदीच्या दिवशी घेऊन ये. आणि ते भाड्याचं खूळ बंद कर.

सगुणामावशी


नेरूळ,
२१ जानेवारी

ती. मावशीला नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

आधी कुकरचं. साड्या मी मौजेने नाही दिल्या. खाडीच्या दमट हवेने सातांना बुरशी आली होती आणि दोन कसरीने खाल्ल्या होत्या. आणि खरं विचारशील तर ते कपाट उघडलं की आईचा वास यायचा आणि माझं ऑफिस चुकायचं. मी एक दिवस डोळे मिटून सगळ्या देऊन टाकल्या. नंतर बाथरूममध्ये रडले. कुकरकडे मी पाहतसुद्धा नाही, निशांतच वापरतो.

आता भाड्याचं. दिवाळीनंतर मला डेस्कवरून उचलून बाहेरच्या कामाला टाकलं. न्हावा शेव्याच्या बंदरात ज्यांचा माल येतो त्या कंपन्यांच्या साहेबांना भेटायचं, आमच्या कंपनीला काम द्या म्हणायचं. टीममध्ये मी एकटी बाई. दुसऱ्या आठवड्यात आमचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, हाच ड्रेस मागच्या मीटिंगला पण होता ना?" हेच साहेब तीन वर्षं एका निळ्या शर्टात फिरतायत. मला तिथेच उत्तर द्यायला हवं होतं, दिलं नाही. संध्याकाळी अमिताने, ती माझ्या शेजारी बसते, तिच्या मोबाईलवर 'नित्यनवी' हे ॲप दाखवलं. मी सहा महिन्यांचा प्लॅन घेतला. धुणं नाही, इस्त्री नाही, कपाट भरत नाही. परवडतं की नाही ते मेअखेर ठरवीन, आणि मी ठरवीन.

आणि दुसऱ्याचे कपडे म्हणून नाक मुरडतेस, तर मानपानाच्या साड्यांचं काय? ती जांभळी साडी आठव. काकींनी आईला दिली, आईने तुला, तू तळोज्याच्या आत्याला, आणि माझ्या लग्नात ती त्याच प्लॅस्टिकमध्ये परत आईकडे आली. आपल्या गावात ही स्कीम माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. फरक एवढाच की माझ्या कंपनीत मधे कोणीतरी धुतं.

लुगडं मी आणीन. तुला काळजी नको. या कंपनीच्या कपड्यांत मी हळदीला येऊही शकत नाही म्हणा. त्यांचा नियमच आहे की हळदीचा डाग पडला की तो नग ते परत घेत नाहीत. अनामत कापतात आणि कपडा आपल्या गळ्यात मारतात.

तुझी,
रुतिका


नावडे,
३ फेब्रुवारी

चि. रुतिका,

जांभळ्या साडीचं वाचून मला हसू आलं, ते मी कबूल करते. पण हसले म्हणून राग गेला असं समजू नकोस. ती साडी फिरली कारण ती कोणाचीच नव्हती. लुगडं शांतीचं होतं.

तुझ्या साहेबाला काही बोलली नाहीस, हे वाचून मला रात्रभर डाचलं. घरात मला उलट उत्तर द्यायला तुझी जीभ एका पायावर तयार, आणि तिथे गप्प. तुझ्या आईने एकदा भर मांडवात एका पुढाऱ्याला खाली बसवलं होतं. त्याचा माणूस म्हणाला, बाई, गाणं लवकर आटपा, साहेबांना दुसरीकडे जायचंय. शांती म्हणाली, "साहेब जावंदे. लगीन साहेबाचा नाय." तेव्हाही अंगावर तेच हिरवं लुगडं होतं. त्या हंगामात तिने एकवीस लग्नं लावली, एकवीस वेळा तेच. कोणाची छाती नव्हती तिला विचारायची, बाई, हेच मागच्या लग्नाला होतं ना म्हणून.

हळदीला चालत नाहीत असले कपडे काय कामाचे, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता खरं सांगते, कारण हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. भटजी मंगलाष्टकं म्हणून जातो, पण आपल्यात धवलारणीनं धवले म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी धरत नाही. मी आयुष्यभर शांतीच्या मागे बसून गायले. ती ओळ उचलायची, मी धरायचे. आता अंकुरच्या लग्नात पुढे मीच बसायचं. कानांना धड ऐकू येत नाही, सूर कुठे जातो ते कळत नाही. मला भीती वाटते, रुतिका. ते लुगडं नेसलं की ती जवळ आहे असं वाटेल आणि तोंड उघडेल, एवढाच माझा भरवसा आहे. म्हणून म्हणते, जप.

मावशी


नेरूळ,
८ मार्च

ती. मावशी,

महिनाभर लिहिलं नाही, कामात होते. तुझं पत्र मात्र पर्समध्येच आहे.

तुला भीती वाटते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तुला कशाचीच वाटत नाही. मी मागे बसून ओळ धरली असती, पण मला एकही येत नाही. आई शिकवायला बोलवायची तेव्हा मी परीक्षेचं कारण सांगायचे.

'नित्यनवी'बद्दल तुझं थोडं खरं होतंय, हे वाचून खूश होऊ नकोस. आज महिला दिन म्हणून त्यांनी जांभळी पर्स फुकट पाठवली, तिची साखळी पहिल्या तासात निघाली. त्याआधी आणखी एक मूर्खपणा. जानेवारीचे कपडे त्यांच्या निळ्या झिपच्या पिशवीत घालून परत दिले होते. मी ऑफिसात होते, निशांतने माणसाच्या हातात दिले. तर मागच्या आठवड्यात मेसेज आला, "चार नग अपेक्षित, पाच मिळाले. आपल्या योगदानाबद्दल आभार." चारच होते. यांना मोजता येत नाही. वर या वेळच्या खोक्यात एक छोटं पाकीट, 'आपली विसरलेली वस्तू' असं लिहिलेलं. उघडलं तर आत एक सुपारी आणि पिवळे तांदूळ. आणि ताकीद, की कपड्यांत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. कोणा दुसऱ्या बाईचं माझ्या गळ्यात. मी आणि अमिता दुपारभर हसलो.

दोन मेची सुट्टी टाकली आहे.

तुझी,
रुतिका


नावडे,
१२ मार्च

रुतिका,

ती सुपारी माझी आहे. पदराला मीच बांधली होती.

हे पत्र हातात असेल तिथे ठेव आणि कपाट उघड. खालचा कप्पा बघ. मग मला सांग, तू अजून हसतेस का.

अकरा साड्या कुकरात गेल्या तेव्हा मी बोलून मोकळी झाले. बारावी तू भाड्याच्या बाजारात पाठवलीस. आईचं लुगडं आहे की नाही हे दोन महिने वाकून बघितलंही नाहीस. माझ्या बहिणीने तुला कसं वाढवलं हे मला माहीत आहे, म्हणून जास्त संताप होतो. शेजारणीबरोबर हसलीस म्हणे दुपारभर.

आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

सगुणा


नेरूळ,
१९ मार्च

मावशी,

कप्पा रिकामा आहे.

मी सगळं उलटं पालटं केलं. पलंगाखालचं, माळ्यावरचं. मग निशांतला धरलं. तो म्हणाला, तू फोनवर सांगितलंस की हँगरचे चार कपडे निळ्या पिशवीत घालून दे. पिशवी खालच्या कप्प्यात होती. तळाशी आधीच काहीतरी होतं, त्याला वाटलं तेही त्यांचंच. त्याने वर चार घातले आणि दिले. मी त्याच्यावर इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरचे नंदकिशोर काका वर आले.

कंपनीला फोन केला. एका मुलीने गोड आवाजात नियम वाचून दाखवला, की यादीबाहेरचा जो कपडा पिशवीत येईल तो दान समजला जाईल. मी म्हटलं, ते माझ्या आईचं आहे. ती म्हणाली, "मॅम, तुमच्या भावना समजू शकते." पाच वेळा समजू शकली. लुगडं काही देईना.

मग अमिताने शोधून काढलं. ते त्यांच्या ॲपवर आहे, मावशी. 'व्हिंटेज हातमाग, नऊवारी, दुर्मीळ.' एका उंच मुलीला ते गुंडाळलंय, कमरेला चामडी पट्टा, पायात पांढरे बूट, आणि आईचा पदर मागे जमिनीवर लोळतोय. मी फोन फेकला. काच फुटली. त्या फुटक्या काचेतून परत पाहिलं. फक्त गोल्ड सदस्यांना पाच दिवसांसाठी मिळेल, आणि एप्रिलअखेरपर्यंत बुकिंग भरलेलं आहे.

हे सगळं माझं, मान्य. वाकून बघायला हवं होतं, बघितलं नाही. पण एक गोष्ट मला सुचत नाही आणि चार दिवस झोप लागत नाही. लुगडं त्यांच्या पिशवीत गेलंच कसं? मी घातलं नाही. निशांतने घातलं नाही. तू पत्रात लिहिलंस, चांगल्या जाड पिशवीत ठेवलं. आमच्या घरात जाड पिशवी एकच आहे. मावशी, तू कुठली पिशवी घेतलीस?

रुतिका


नावडे,
२ एप्रिल

चि. रुतिका,

निळी. झिपची.

तुझं पत्र आलं त्याच्या आधीपासून मला माहीत होतं. तू 'निळी झिपची' असं लिहिलंस तेव्हाच ती पिशवी डोळ्यांपुढे आली होती. तरी मी तुला तसलं पत्र लिहिलं. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. आपली चूक कळली की माझा आवाज आधी चढतो, ही खोड जुनी आहे, शांतीलाही तिचा जाच व्हायचा.

घरातल्या पिशव्या बघितल्या तर सगळ्या बाजाराच्या, भाजीचा वास. ही एकच नवी, मजबूत, स्वच्छ. म्हटलं, शांतीचं लुगडं आहे, चांगल्यात ठेवावं. सुपारी बांधली, झिप ओढली, आणि मनात म्हटलं, आता सुरक्षित. आपल्याच हातानं बहिणीचं लुगडं दुकानात घातलं आणि वर तुला शिव्या दिल्या. निशांतला सांग, मावशीने माफी मागितली. तुझी मागायला मला अजून थोडा वेळ लागेल.

पण आता ते आणू नकोस. गोल्ड का फोल्ड, काही घेऊ नकोस. ज्या लुगड्यात शांतीने पुढाऱ्याला खाली बसवलं ते लुगडं पाच दिवसांच्या बोलीवर, परत करायची तारीख ठरवून मला नको. तिचं तिलाच भाड्याने? मी पेंधरच्या धवलारणीला सांगून पाहते. ती येईल. मी मागे बसेन, मला तेच येतं.

मावशी


नेरूळ,
२८ एप्रिल

ती. मावशी,

तू नको म्हणालीस ते मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. तू माझं कधी ऐकलंस?

गोल्ड घेतलं. एक बुकिंग रद्द झालं आणि मला तारीख मिळाली. तीस तारखेला येईल, पाच मेला त्यांचा माणूस न्यायला येणार. ते परत देताना माझं काय होईल ते मला माहीत नाही. पण तू लिहिलं होतंस की ते नेसलं तर तुझं तोंड उघडेल. मला बाकी काही नको. पेंधरच्या बाईला नमस्कार सांग आणि येऊ नका म्हणून सांग.

आणखी एक. परवा साहेबांनी पुन्हा कपड्यांवरून काढलं. या वेळी मी म्हटलं, "सर, तुमचा निळा शर्ट मी तीन वर्षं बघतेय, मी कधी बोलले का?" साहेबांनी लॅपटॉप उघडला. पगार अजून तरी चालू आहे.

एक मेला संध्याकाळी हळदीला येते. लुगडं मीच हातात देईन.

रुतिका


नावडे,
३ मे

चि. रुतिका,

हे पत्र आणि निळी पिशवी अंकुर घेऊन येतोय. पिशवी उघडण्याआधी पत्र वाच.

हळदीतून तू रागाने निघून गेलीस. काल लग्नाला आलीस, जेवलीस, नवरीला आहेर दिलास, पण माझ्याकडे पाहिलंही नाहीस. सुमेधाने, माझ्या मोठ्या सुनेने, विचारलं, रुतिकाताईंना काय झालं. मी म्हटलं, तिला माझा राग आलाय आणि तो बरोबर आहे.

आता ऐक. तू लुगडं हातात दिलंस, मी नेसले, पाटावर बसले. पहिला धवला नीट गेला. दुसऱ्यात मी अडखळले. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला पुढची ओळ दिसेना. तेव्हा मागून कोणी ओळ दिली? माझे कान गेलेत, पण पाठीशी बसून कोणी गायलं तर ते पाठीला कळतं. एकही ओळ येत नाही म्हणे. खोटारडी. आवाजही तिचाच घेतलायस, थोडा खरखरीत.

ते गाणं संपलं आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. तूच जानेवारीत लिहिली होतीस. त्या क्षणी तुला समजावून सांगायला वेळ नव्हता आणि बँजो इतका वाजत होता की सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

गिरजाबाई अंकुरला हळद लावून उठल्या. नव्वदीच्या बाई, हात कोपरापर्यंत पिवळे. म्हणाल्या, "सगुने, हात कया पुसू?" मी पदर पुढे केला. म्हटलं, "यालाच पुस." त्या म्हणाल्या, "अगो, लुगऱ्याला डाग परल." मी म्हटलं, "परू दे." मग मी सगळ्यांना बोलावलं. पहिल्या पाच जणी घाबरत आल्या, नंतर रांग लागली. काठाला, निऱ्यांना, पाठीला. जिच्या जिच्या लग्नात शांती गायली होती ती प्रत्येक बाई येऊन माझ्या अंगाला हात पुसून गेली. तेवढ्यात तू ताट आपटून उठलीस. तुला वाटलं, मावशीने आईचं लुगडं नासवलं.

नासवलंच. पूर्ण नासवलं. एक बोटभर जागा सोडली नाही. धुतलेलं नाही, धुवू नकोस. पाच तारखेला त्यांचा माणूस आला की जसं आहे तसं त्याच्या हातात दे, आणि त्यांचा नियम त्यांनाच वाचून दाखव.

तुझी माफी मागते. आता वेळ झाली.

मावशी


नेरूळ,
७ मे

ती. मावशीला साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र जिन्यातच वाचलं. अंकुर म्हणाला, ताई, घरात चल, लोक बघतायत. त्या दिवशी मी ताट आपटलं ते तुझं नवं होतं, त्याला पोचा आला असेल. बदलून देईन.

पाच तारखेला त्यांचा माणूस आला. गरीब होता बिचारा, त्याच्यावर राग काढला नाही. त्याने झिप उघडली आणि हळदीचा वास जिन्यात पसरला. त्याने हात मागे घेतला. म्हणाला, मॅडम, हे नाही चालणार. मी म्हटलं, नियम आहे ना. तो म्हणाला, नियमच आहे. फोटो काढला, मशीनवर काहीतरी दाबलं आणि लुगडं माझ्या हातात ठेवून गेला. थोड्या वेळाने मेसेज आला. नग वापरण्यायोग्य राहिलेला नाही, अनामत जप्त, कपडा सदस्याकडेच राहील. तो मेसेज मी निशांतला तीन वेळा वाचायला लावला.

सदस्यत्व त्याच दिवशी बंद केलं. सोयीचं होतं, खोटं कशाला सांगू. अमिताचं चालू आहे आणि तिला ते पुरतं. मला पुरलं नाही. कालच्या मीटिंगला मी मागच्या मीटिंगचाच ड्रेस घालून गेले आणि काम घेऊन आले.

लुगडं धुतलेलं नाही. हिरवं कमी आणि पिवळं जास्त दिसतंय. आईचा वास आता त्याला नाही, तो त्यांनी धुऊन काढला. आता गावातल्या सगळ्या बायकांचा आहे. गिरजाबाईंची पाच बोटं पदरावर स्पष्ट उठलीत.

रविवारी ये. पुढच्या हंगामाचे धवले मला वहीत उतरवून घ्यायचे आहेत आणि तू सांगशील तितक्या वेळा म्हणायचे आहेत. लुगडं खालच्या कप्प्यात आहे, आईच्याच जुन्या परकराच्या कापडात बांधलेलं. सुपारी मी पुन्हा बांधली. आणि तू आलीस की माझ्या घरातल्या एकाही पिशवीला हात लावायचा नाही.

तुझी,
रुतिका